शाळा बघायला गेलात तर आधी व्हरांडा बघा

नोव्हेंबर-डिसेंबर आला की बडोद्यात ॲडमिशनची धावपळ सुरू होते आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर शाळांची ब्रोशरं फिरायला लागतात. ब्रोशरवर काय असतं तर समोरून काढलेला फोटो, निळ्या काचेचं एलेव्हेशन म्हणजे दर्शनी बाजू, त्याच्या कडेने चंदेरी एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमचे पॅनल, ड्रोनमधून दिसणारं हिरवंगार टर्फ. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतो, शाळांची ड्रॉइंगं हाताखालून गेलीत, त्यामुळं घरातल्यांना वाटतं की याला कळतं, आणि मग "बिल्डिंग कशी वाटते रे" हा प्रश्न माझ्याकडेच येतो. मी एवढंच म्हणतो की पोरगं दिवसभर जिथे बसणार आहे तिथला फोटो पाठवा. तो कुणाकडे नसतो.

तर प्राथमिक शाळेची इमारत नक्की कशी ठरते, त्यात काय काय गणितं असतात, हे जरा सोपं करून लिहितो. आधीच सांगतो, मला एलेव्हेशनबद्दल फारसं प्रेम नाही, त्यामुळं थोडा पक्षपात होईल.

बडोदेकरांना शाळेचं कौतुक मुळातच जास्त, आणि ते बरोबरच आहे, कारण सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. पूर्ण देशात हा हक्क कायद्याने मिळायला २००९ उजाडलं. त्या २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात इमारतीबद्दल एक छोटी यादी आहे, प्रत्येक शिक्षकामागे एक तरी वर्ग, मुलामुलींना वेगळी टॉयलेट, पिण्याचं पाणी, मैदान, कंपाउंड, लायब्ररी, व्हीलचेअर जाईल असा रस्ता. चांगली यादी आहे, पण ती "आहे का नाही" एवढंच विचारते. वर्गात हवा किती येते, आवाज किती घुमतो, ऊन कुठून घुसतं, हे त्यात नाही. आणि खरी डिझाईन तिथेच असते.

सुरुवात सूर्यापासून, कारण आपल्याकडे दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही.

बडोदा साधारण २२.३ अंश उत्तरेला आहे, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. म्हणजे जूनच्या सुरुवातीला एक दिवस भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली गडप होते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला कललेला, साधारण ४४ अंशांवर. आता समजा वर्गाची खिडकी दक्षिणेला आहे आणि वर फक्त ६० सेंटिमीटरचा छज्जा काढलाय. मार्च आणि सप्टेंबरच्या दुपारी हा छज्जा खाली जवळजवळ दीड मीटर सावली पाडतो, म्हणजे अख्खी खिडकी झाकली, आणि डिसेंबरात फक्त ५८ सेंटिमीटर, म्हणजे थंडीत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून कोवळं ऊन आत येतं. एक साधा छज्जा, वीज नाही, मेंटेनन्स नाही, आणि उन्हाळा-हिवाळा दोन्ही त्याने सांभाळला.

हाच छज्जा पश्चिमेला लावा आणि गंमत बघा. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य ३३ अंशांच्या आसपास उतरलेला असतो, तेव्हा ६० चा छज्जा खाली जेमतेम ४० सेंटिमीटर झाकतो, बाकी सगळं ऊन थेट बाकांवर. पश्चिमेला छज्जा लांबवून काही होत नाही, तिथे उभ्या फिन म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या पट्ट्या लागतात नाहीतर जाळी, नाहीतर झाडं, आणि सगळ्यात बरं म्हणजे तिथे वर्गच ठेवू नयेत, जिना, स्टोअर, टॉयलेट असलं टाकावं, ते तापलं तरी कुणी तिथे पाऊण तास बसत नाही.

म्हणून शाळेची बिल्डिंग शक्यतो पूर्व-पश्चिम लांब ठेवायची आणि खिडक्या उत्तर-दक्षिण, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. मग तसं का होत नाही? कारण प्लॉट. वासणा-भायली रोडला किंवा नव्या टीपीत (टाउन प्लॅनिंग स्कीममध्ये) प्लॉट घेतला, रोड पश्चिमेला आहे, ट्रस्टींना रोडवरून भारी दिसणारी बिल्डिंग पाहिजे, मग सगळं तोंड पश्चिमेला आणि त्याच्यावर काच. उन्हात काचा लावून उभी केलेली गाडी कशी तापते ते सगळ्यांना माहितीय, तेच आत होतं, ऊन काचेतून आत येतं, फरशी-बाकं तापतात आणि त्यांची उष्णता त्याच काचेतून बाहेर पडायला तयार नसते. मग एसी. मग एसी चालावा म्हणून खिडक्या फिक्स. आणि मग पुढचा प्रॉब्लेम, जो डोळ्यांना दिसत नाही, तो हवेचा.

एक हिशोब करून बघू. वर्ग ८ मीटर बाय ६ मीटर, सीबीएसईचा वर्ग साधारण एवढाच असतो, ५०० स्क्वेअर फूट. उंची ३.६ मीटर, आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये शाळेच्या वर्गासाठी हीच धरतात. हवा झाली सुमारे १७३ घनमीटर. आत ४० मुलं. लहान मूल बसल्या बसल्या तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, ४० मुलांचे झाले ४८० लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखात ४२० च्या आसपास असतो आणि बंद खोलीत १००० च्या वर गेला की हवा कोंदट धरतात. खोली पूर्ण बंद असेल तर हा हजाराचा आकडा किती वेळात गाठला जातो? साधारण १२-१३ मिनिटांत. म्हणजे हजेरी झाली, मागच्या तासाची वही उघडली, आणि तेवढ्यात हवा संपली. ४० मिनिटांच्या पिरियडच्या शेवटी तो २२०० च्या वर असतो. प्रत्यक्षात दार उघडतं-मिटतं, फटीतून थोडी हवा येते, त्यामुळं एवढं नेमकं होणार नाही, पण दिशा हीच. शेवटच्या तासाला मुलं पेंगतात याचं खापर जेवणावर फोडलं जातं, त्यातला थोडा वाटा खिडकीला द्यायला हरकत नाही. आणि साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही बरं का, आतलीच थंड करून फिरवतो, हे खूप लोकांना माहीतच नसतं.

उपाय जुनाच आहे, समोरासमोर दोन भिंतींना खिडक्या. एकीकडून वारा आत, दुसरीकडून बाहेर. बडोद्यात उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेकडून घेऊन उत्तरेकडून सोडायचा. आणि इथेच व्हरांड्याचा विषय येतो, जो माझ्या मते शाळेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, वर्गापेक्षाही.

शाळेचा प्लॅन दोन प्रकारे बसवता येतो. एक म्हणजे मध्ये बोळ आणि दोन्ही बाजूंना वर्ग, लॉजसारखं... नाही, सरळ लॉजच म्हणा. यात एका बोळावर दुप्पट वर्ग बसतात, बांधकाम वाचतं, ट्रस्टी खूश. पण प्रत्येक वर्गाला खिडकी एकाच बाजूला राहते, वारा आत आला तरी जाणार कुठे, आणि बोळात दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. दुसरा प्रकार म्हणजे एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला उघडा व्हरांडा, तोही दक्षिणेला ठेवला तर तोच वर्गाचा छज्जा झाला, वर्गाला दोन्हीकडून खिडक्या मिळाल्या, उत्तरेचा थंड उजेड बाकांवर आला आणि पाऊस असताना मुलांना खेळायला जागा झाली. याला बांधकाम जास्त लागतं हे खरं आहे, व्हरांड्याचा एरिया विकता येत नाही ना, त्यात बाक टाकून फी घेता येत नाही. त्यामुळं मीटिंगमध्ये सगळ्यात आधी कात्री त्यालाच लागते. तीन मीटरचा काढलेला व्हरांडा अडीचवर येतो, मग दोनवर, मग कुणीतरी म्हणतं "आने-जाने को ही तो है".

आने-जाने को नाही, हेच तर सांगायचंय. दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात जुन्या वाड्यात वाढलेल्यांना ओसरी काय असते ते सांगावं लागत नाही, घरातली अर्धी कामं तिथेच व्हायची, धान्य निवडणं, अभ्यास, पाहुणे, भांडणं. शाळेतही दोन मुलांची मैत्री, एखाद्या लाजऱ्या मुलाचं बाईंशी एकट्यात बोलणं, डबा संपवायला मागे राहिलेली पोरगी, हे सगळं वर्गाच्या दाराबाहेरच होतं. हर्मन हर्ट्झबर्गर नावाच्या डच आर्किटेक्टने डेल्फ्ट गावात १९६० च्या दशकात एक माँटेसरी शाळा बांधली, तिथे त्याने नेमकं हेच ओळखलं, वर्ग सरळ चौकोनी न ठेवता एल आकाराचे केले म्हणजे एका कोपऱ्यात गोंगाटाचं काम आणि दुसऱ्यात शांत काम चालेल, आणि मधल्या हॉलमध्ये विटांचा एक साधा ओटा बांधून ठेवला. ओटा कशासाठी ते लिहिलं नाही. मुलं त्याच्यावर बसतात, नाटक करतात, उड्या मारतात. आपल्याकडे असं काही काढलं की पहिला प्रश्न येतो की हे साफ करताना मध्ये येईल.

बरं, व्हरांडा रुंद किती पाहिजे? येणारी-जाणारी मुलं एकमेकांना न धडकता गेली पाहिजेत आणि शिवाय कडेला दोघं-तिघं बसली तरी वाट अडू नये, म्हणजे अडीच-तीन मीटर. आणि दारं बाहेर उघडून वाटेत येत असतील तर दार थोडं आत, खाचेत घ्यायचं. त्या खाचेत भिंतीला कडप्प्याचा एक बाक बसतो. दोनशे रुपयांची युक्ती म्हणणार होतो पण आता दोनशेत कडप्पा मिळत नाही.

आता आवाज. हा विषय आपल्याकडे सिनेमा थिएटर सोडून कुठेच कुणी काढत नाही.

वर्गात टाळी वाजवली की आवाज लगेच मरत नाही, भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटत फिरतो. तो किती वेळ फिरतो ते मोजता येतं, वॉलेस सबाईन नावाच्या अमेरिकन प्रोफेसरने शंभरेक वर्षांपूर्वी याचं सूत्र काढलं, खोलीचं आकारमान गुणिले ०.१६१ भागिले खोलीतलं आवाज शोषणारं क्षेत्रफळ. अमेरिकेतल्या वर्गांच्या स्टँडर्डप्रमाणे नेहमीच्या आकाराच्या वर्गात हा वेळ ०.६ सेकंदांपेक्षा जास्त नको. आपला मघाचाच वर्ग घ्या. खाली कोटा स्टोन, चारी भिंती प्लॅस्टर आणि ऑइल पेंट, वर स्लॅब. मिळून १९७ स्क्वेअर मीटर, पण हे सगळं कडक, आवाज शंभरातला तीनेक टक्केच शोषणार. म्हणजे ६ स्क्वेअर मीटर. ४० मुलं स्वतः थोडा आवाज शोषतात, त्यांचे १२ धरू. झाले १८. सूत्रात घाला, उत्तर येतं दीड सेकंद. पाहिजे त्याच्या अडीच पट! म्हणजे बाईंच्या पहिल्या शब्दाची शेपटी तिसऱ्या शब्दावर पडतेय. आता फक्त छताला आवाज शोषणारे बोर्ड लावले, ४८ स्क्वेअर मीटर, साठ टक्के शोषणारे, तर त्यात २९ मिळाले, झाले ४७, आणि वेळ आला बरोबर ०.६ वर. अख्ख्या वर्गात एकच बदल. उघड्या खिडक्याही मदत करतात कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, पण बाहेर रोड असेल तर तिथून दुसरा आवाज आत येतो, त्यामुळं वर्गाच्या खिडक्या रोडकडे नको हेही त्यात आलं.

मोठ्या माणसाला घुमणारी खोली चालते, आपण अर्धं ऐकून उरलेलं अंदाजाने भरून काढतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे तेवढा शब्दसाठाच नसतो भरून काढायला. त्यात आपली पोरं, घरी मराठी, सोसायटीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी मीडियम. जी भाषा अजून कानाला सवयीची नाही ती घुमणाऱ्या खोलीत ऐकणं आणखी अवघड, आणि मग पीटीएमला ऐकायला मिळतं की "लक्ष देत नाही". आणि बायांचे घसे बसतात ते वेगळंच, दिवसभर ओरडून बोलायचं म्हणजे.

माझ्या वहिनीबरोबर मी एका शाळेत गेलो होतो, पुतणीच्या ज्युनिअर केजीसाठी. लॉबीत इटालियन मार्बल, रिसेप्शनला ऑर्किड. वहिनी एकदम इम्प्रेस. पोरीला सू लागली म्हणून मी टॉयलेट बघायला गेलो, तर वॉशबेसिन माझ्या कमरेच्या वर, नळ त्याच्याही मागे, आणि खाली प्लॅस्टिकचं निळं स्टूल ठेवलेलं, ओलं, एक पाय हलणारं. मावशी म्हणाल्या, "मी आहे ना इथे, उचलते मी." मी दाराची कडी बघितली, ती मोठ्यांच्या हाताच्या उंचीला. पुतणी दाराला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आतून बंद कसं करायचं?" वहिनी मार्बलबद्दल नंतर काही बोलली नाही.

सगळं बजेट मोठ्यांच्या डोळ्यांच्या पातळीला खर्च होतं. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटिमीटर असतं, ज्युनिअर केजीचं त्याहून बुटकं. ते बाकावर बसलं की त्याचे डोळे जमिनीपासून मीटरभरही वर नसतात. खिडकीची सिल म्हणजे खालचा काठ एक मीटरला ठेवला, जो साधारण सगळीकडे ठेवतात, तर त्याला दिवसभर बाहेर फक्त आकाश दिसतं. सिल साठ-सत्तरवर आणली तर झाड दिसतं, खारूताई दिसते. काहींना वाटतं की बाहेर दिसलं की लक्ष उडतं, मला वाटतं उडू दे थोडं. वरच्या मजल्यावर सिल खाली आणली तर ग्रिल लागणारच, त्यात दुमत नाही. खिडकीचा वरचा काठ मात्र उंच पाहिजे, कारण उजेड आत किती लांब जातो ते त्याच्यावर ठरतं, साधारण त्या उंचीच्या दोन ते अडीच पट. नेहमीचं २.१ मीटरचं लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) धरलं तर उजेड साडेचार-पाच मीटरपर्यंत, आणि सहा मीटर खोल वर्गात भिंतीकडची रांग अंधारात. लिंटेल पावणेतीन मीटरला नेलं की शेवटची रांगही उजेडात येते. फक्त काच वर सरकवली, बस.

हे मुलांच्या उंचीचं प्रकरण नवीन अजिबात नाही. अमेरिकेत शिकागोजवळ विनेटका गावात १९४० मध्ये क्रो आयलंड नावाची शाळा बांधली, एलिएल आणि ईरो सारिनेन हे बाप-लेक आणि शिकागोची एक तरुण फर्म मिळून. प्रत्येक वर्गाला स्वतःचं टॉयलेट, स्वतःचं छोटं अंगण, खिडकीला लागून बसायची जागा, आणि दिव्याची बटणं मुलांच्या हाताला लागतील अशी. तरुण आर्किटेक्टपैकी एक जण डिझाईन करायच्या आधी वर्गांमध्ये जाऊन बसायचा, शिक्षकांशी आणि मुलांशी बोलायचा. आपल्याकडेही गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं आणि ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या, तिथे लहान मुलांच्या मापाच्या वस्तू हा शिक्षणाचाच भाग होता. म्हणजे गुजरातला आणि मराठी माणसाला हे शंभर वर्षांपासून माहितीय, आणि तरी आजच्या इंटरनॅशनल शाळेत प्लॅस्टिकचं स्टूल.

टॉयलेटबद्दल अजून एक. ते प्लॅनमध्ये कुठे आहे ते बघा. मजल्याच्या एका टोकाला, वळणामागे असेल तर मुलं जायला घाबरतात, आणि मुली तर दिवसभर पाणीच पीत नाहीत म्हणजे जावं लागू नये. लहानांसाठी वर्गाला लागून, मोठ्यांसाठी जिथे येता-जाता शिक्षकांची नजर पडते तिथे, आणि बाहेरच्या भिंतीला, उघडणारी खिडकी असलेलं. नुसत्या एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर शाळेचं टॉयलेट कधी ठेवू नये, तो फॅन कधी बंद पडला ते कुणालाच आठवत नाही.

बाला म्हणून एक कल्पना आहे, बिल्डिंग ॲज लर्निंग एड, कबीर वाजपेयी आणि त्यांच्या विन्यास संस्थेने युनिसेफच्या मदतीने पुढे आणलेली आणि बऱ्याच सरकारी शाळांत गेलेली. दाराखाली फरशीवर कोनाच्या रेषा काढायच्या म्हणजे दार उघडताना ३०, ६०, ९० अंश दिसतात, खिडकीच्या ग्रिलमध्ये अक्षरांची वळणं करायची म्हणजे बोट फिरवून हात वळतो. खूप स्वस्त आणि हुशार. पण नंतर बऱ्याच ठिकाणी बाला म्हणजे भिंतीवर छोटा भीम एवढंच उरलं.

आता सेफ्टी, हे मात्र कंटाळा न करता वाचा.

२००१ च्या २६ जानेवारीचा भूकंप बडोद्यातही सगळ्यांना जाणवला होता, घराबाहेर पळालेलो आपण. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत दोन्हीकडची घरं अंगावर कोसळून दगावली. कोडप्रमाणे शाळेच्या बिल्डिंगला साध्या घरापेक्षा दीडपट भूकंपाचा जोर धरून डिझाईन करावं लागतं, कारण एका वेळी आत माणसं खूप आणि नंतर तीच बिल्डिंग आसऱ्यालाही वापरली जाते. पण शाळांमध्ये एक खास धोका असतो. वर मी ज्या लांबच्या लांब खिडक्यांचं कौतुक केलं, त्यांच्या खाली अर्धी भिंत असते, दोन कॉलमच्या मध्ये घट्ट बसलेली. व्हरांड्याच्या कठड्याचंही तेच. कॉलम मुळात तीन-साडेतीन मीटर उंच, त्याला वाकायला जागा असते. अर्ध्या भिंतीने त्याला खालून आवळून धरलं की वाकायला फक्त वरचा मीटर-दीड मीटरचा तुकडा उरतो, सगळा जोर तिथे येतो आणि तिरकी चीर पडून कॉलम तिथे फुटतो. याला शॉर्ट कॉलम म्हणतात. उपाय दोन, भिंत आणि कॉलममध्ये थोडी फट ठेवून ती मऊ मटेरियलने भरायची, नाहीतर असा कॉलम मुळातच धरून त्यात वरपासून खालपर्यंत लोखंडी सळीच्या रिंगा एकमेकींच्या जवळ टाकायच्या. साइटवर ही रिंग वाचवायला बघतात, म्हणून सांगतोय.

आगीचं म्हणाल तर तमिळनाडूत कुंभकोणमला जुलै २००४ मध्ये ९४ मुलं गेली, स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली. आपल्याकडे सुरतला २४ मे २०१९ ला कोचिंग क्लासच्या आगीत २२ जीव गेले, मुलं वरून उड्या मारत होती ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दोन्हीकडे धडा तोच, वर जळणाऱ्या वस्तूंचं छप्पर आणि खाली यायला धड वाट नाही. त्यामुळं लहान वर्ग तळमजल्यावरच, दोन वेगवेगळ्या टोकांना दोन जिने, जिना किमान दीड मीटर रुंद, पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, कठड्याला खाली लहानांसाठी दुसरा दांडा, रॅम्प एकास बारा. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून ॲक्टिव्हिटी रूम केलेली दिसली तर सरळ विचारा की ही मंजूर नकाशात आहे का. आणि जिन्याच्या शटरला कुलूप आहे का ते बघा, खूप शाळांत दुसरा जिना "शिस्तीसाठी" बंद असतो.

बडोद्याला विश्वामित्री नदीचंही बघावं लागतं. २०१९ च्या जुलैअखेर आणि परत २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठे कुठे शिरलं ते आठवत असेलच, मगरींसकट. शाळेचा प्लिंथ म्हणजे जोतं रोडपेक्षा किती वर आहे यापेक्षा मागच्या पुरात तिथे पाणी किती चढलं होतं ते पानवाल्याला विचारा, त्याला अचूक माहीत असतं. मीटर-पॅनल बेसमेंटमध्ये असेल तर ती चूकच आहे. आणि ग्राउंड सगळं पेव्हर ब्लॉकने मढवलेलं असेल तर पाणी मुरणार कुठे, शिवाय एप्रिलमध्ये पेव्हर काय किंवा प्लॅस्टिकचं टर्फ काय, अनवाणी उभं राहून दाखवा. माती आणि कडुलिंब याच्यापुढे अजून काही निघालेलं नाही. झाडं बांधकामाच्या आधी लावायची असतात, तीन वर्षं आधी, हे कुणी करत नाही.

छताचं राहिलं. शेवटच्या मजल्यावरचे वर्ग स्लॅबमुळे तापतात. आपली जुनी चायना मोझॅक, पांढऱ्या फुटक्या टाइल्सची, चांगलं काम करते, ऊन परत फेकते. त्याहून भारी युक्ती बुर्किना फासो देशातल्या फ्रान्सिस केरेची, त्याने गान्डो या स्वतःच्या गावात २००१ मध्ये गावकऱ्यांना घेऊन शाळा बांधली, मातीच्या विटा, वर विटांचंच भोकं ठेवलेलं छत आणि त्याच्या बरंच वर, अधांतरी, पत्रा. ऊन पत्र्यावर अडतं, मधून वारा वाहतो, आणि वर्गातली गरम हवा भोकांतून वर निघून जाते. केरेला २०२२ चं प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळालं, जे त्याआधी २०१८ मध्ये आपल्या बाळकृष्ण दोशींना मिळालं होतं. वीज नसलेल्या गावची शाळा, आणि आपल्याकडे सोलर लावून त्यावर एसी चालवतात आणि त्याला ग्रीन कॅम्पस म्हणतात.

गेटबद्दल थोडक्यात. स्कूल-वर्धीच्या, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या, रिक्षा, व्हॅन, दुचाकीवर तिघं आणि पालकांच्या गाड्या, सगळं एकाच गेटवर सुटायच्या वेळी येतं. रोडवरून आत घेणारी एक लेन आणि पायी चालणाऱ्यांचं वेगळं छोटं दार, एवढं असलं तरी खूप झालं.

शाळा बघायला जाणार असाल तर रविवारच्या ओपन हाउसला जाऊ नका, तेव्हा सगळे वर्ग रिकामे आणि एसी फुल असतो. चालू दिवशी, मधल्या सुट्टीच्या आधी जा, बीयू परमिशन (बिल्डिंग वापरायची परवानगी) आणि फायर एनओसी दाखवा म्हणा, त्यात लाजायचं काही नाही. मग सगळ्यात वरच्या मजल्यावरचा पश्चिमेकडचा वर्ग दाखवायला सांगा, मागच्या बाकावर बसा आणि दहा मिनिटं बाई काय बोलतायत ते ऐकू येतंय का बघा. निघताना विचारा की हा वर्ग कुठल्या तुकडीला दिलाय, आणि दरवर्षी बदलता का त्याच पोरांना देता.